पियानो थांबला की उभं राहायचं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते फिलोमिना टीचरांचे. आईवडिलांचे असतातच, ते मी वेगळे धरतो. वडील शिरपूरकडून सिल्वासात आले, खडोलीच्या एका यार्न कंपनीत ऑपरेटर म्हणून लागले, आणि त्यांनी मला बारावीपर्यंत आणून सोडलं. तिथून पुढे टीचरांनी नेलं.

टीचर मूळच्या गोव्याच्या. आमच्या इथल्या एका शाळेत त्या संगीत शिकवायच्या आणि मी त्याच शाळेच्या ऑफिसात हजेरीपत्रकं लिहायचो. एके दिवशी ऑफिसच्या दारात येऊन त्यांनी विचारलं, "कोणाचे हात स्वच्छ आहेत?" मी हात वर केला. त्यांना कार्यक्रमात स्वरलिपीची पानं उलटायला माणूस हवा होता. मी म्हटलं, मला ही लिपी वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, "मी मान हलवीन तेव्हा उलट. आणि मान हलवावी लागणार नाही तो दिवस लवकर आण, पुता."

तो दिवस यायला दोन वर्षं लागली. तोवर शाळा सुटल्यावर रोज एक तास त्यांनी मला पियानो शिकवला आणि दुसरा एक तास इंग्रजी. बी.ए.चा फॉर्म त्यांनीच आणला. शेवटच्या परीक्षेआधी तीन महिने त्यांनी मला पियानोला हातसुद्धा लावू दिला नाही. निकालाच्या दिवशी वडिलांनी कंपनीत पेढे वाटले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. वडिलांना माझा विषय कोणता होता ते शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही, पण ते पेढे त्यांनी तीनही शिफ्टला वाटले होते.

आता मी काय काम करतो ते सांगतो, कारण लग्नाकार्यात भेटणाऱ्या नातेवाइकांनाही ते अजून समजलेलं नाही. मी पियानोचे कार्यक्रम लोकांसमोर मांडतो. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, ज्याच्या कार्यक्रमात एरवी लोक खोकलासुद्धा दाबून धरतात, ते मी कंपन्यांच्या कँटीनमध्ये, कॉलनीच्या हॉलमध्ये, शाळांच्या पटांगणात घेऊन जातो आणि ऐकणाऱ्यांना त्यात खेळायला लावतो. वाजवतो केदार साठे. केदार पुण्याचा, दिवसा एका प्लास्टिक कंपनीत क्वालिटीचा इंजिनियर. लहानपणापासून पियानोच्या परीक्षा देत आलेला. मी बोलतो, पियानो सुरात लावतो, आणि टेम्पोत चढवताना ओरडतो. घर चालतं ते कीबोर्डच्या शिकवण्यांवर. पण कोणी धंदा विचारला तर मी शिकवण्या सांगत नाही.

पियानो म्हणजे बाहेरून कपाट आणि आतून कारखाना. पट्टी दाबली की आतली फेल्ट लावलेली हातोडी उसळते, तारेला मारते आणि लगेच मागे येते. पट्टी सोडली की तारेवर छोटी गादी बसते आणि आवाज बंद. एवढंच. पण अशा अठ्ठ्याऐंशी पट्ट्या आणि दोनशेहून जास्त तारा. आमच्याकडच्या पावसात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, म्हणून चार महिने पियानोच्या पोटात एक लहान बल्ब जळत ठेवावा लागतो. आमचा पियानो उभा, भिंतीला लावायचा, जुना. माझा पहिला नियम असा की कार्यक्रमाच्या सुरुवातीला त्याची पुढची फळी काढून टाकायची. हातोड्या नाचताना दिसल्या की अर्धी भीती जाते. कंपनीतली माणसं तर उठून जवळच येतात. "याला ग्रीस कुठं मारता?" हा प्रश्न मला इतक्या वेळा आलेला आहे की मी आता आधीच सांगतो, कुठंच नाही.

खडोलीच्या यार्न कंपनीत दसऱ्याच्या आदल्या दिवशी कार्यक्रम ठरला होता. पियानो सकाळीच नेऊन ठेवला आणि मी चहाला गेलो. परत येतो तो पियानोला झेंडूचा हार, पट्ट्यांवर हळदकुंकवाची बोटं, आणि सुपरवायझर पवार हातात नारळ घेऊन, कुठे फोडावा ते बघत उभे. कंपनीतल्या प्रत्येक मशीनची पूजा झाली होती; त्यांनी हेही मशीन धरलं. मी धावत जाऊन नारळ धरला.

"पवारसाहेब, पाणी आत गेलं तर संपलं सगळं."

"अहो, पण बिना नारळाचं मशीन चालू करायचं? काही झालं तर आमच्या नावानं बोंब."

"दाराशी फोडा. याला दुरूनच पावतं."

पवारांनी दाराशी नारळ फोडला आणि पियानोला लांबून नमस्कार केला. वरच्या सात पट्ट्यांमध्ये हळद गेली होती, ती काढायला मला दोन रविवार लागले. पण त्या कार्यक्रमात माणसं जितकी आपलेपणानं बसली तितकी पुढे क्वचित बसली. पूजा केलेल्या मशीनकडे कोणी परक्यासारखं बघत नाही.

फजितीही झाली आहे. दुधनीला, मधुबन धरणाच्या काठच्या शाळेत, मी मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं की आता ऐका, या संगीतात पाणी आहे. केदारनं वाजवलं, बोटं झरझर फिरली. पुढे बसलेले एक म्हातारे मासेमार म्हणाले, "आमचं पाणी नाय असं वाजत. ते गप असतं." सगळी शाळा हसली. मी तेव्हापासून लोकांना काय ऐकू येईल ते सांगत नाही. काय ऐकू आलं ते विचारतो. उत्तरं माझ्या माहितीपेक्षा चांगली असतात. तीन सुरावटी एकमेकींत गुंफलेली एक जुनी जर्मन रचना आम्ही वाजवतो. तीन माणसं उभी करायची, आपापली सुरावट आली की एक पाऊल पुढे. एकदा एका फोरमनबाईंनी तिसऱ्या माणसाला झापलं, "अरे, तुझा धागा केव्हाचा आला, तू झोपलायस का?" बाईंनी ती रचना आयुष्यात पहिल्यांदा ऐकली होती.

ज्या खेळामुळे आमचं नाव झालं, तो मात्र मी शोधलेला नाही. तो आपसूक झाला.

खडोलीच्या यार्न कंपनीतला तो दसऱ्याचाच कार्यक्रम होता, तिथला आमचा पहिला. केदार एक जोरकस रचना वाजवत होता. तिच्या मधोमध सगळं एकदम थांबतं, अगदी कड्यावर येऊन थांबावं तसं, आणि मग पुन्हा उसळतं. केदार थांबला, आणि कँटीनमधली तीसेक माणसं खाडकन उठून उभी राहिली. पवार तर स्विचबोर्डाकडे दोन पावलं पळाले. केदारला वाटलं, लोक निघाले. त्यानं घाबरून माझ्याकडे पाहिलं.

मला कळलं, कारण मी ऑपरेटरचा मुलगा आहे. यार्नच्या खात्यात आठ तास एकसारखा आवाज असतो. तो आवाज चालू आहे तोवर सगळं ठीक. एकदम शांत झालं म्हणजे लाईट गेली, नाहीतर ब्रेकडाउन. शांतता झाली की माणूस विचार न करता उठतो. वडील घरी पंखा बंद झाला तरी उठून बसायचे.

"बसा, बसा," मी म्हटलं, "ब्रेकडाउन नाही. आता असं करू. पियानो थांबला की उभं राहायचं, चालू झाला की बसायचं. चुकला तो आउट."

तो दिवस मी विसरणार नाही. माणसं कान लावून ऐकायला लागली, कारण कुठे थांबेल ते हेरायचं होतं. केदारही रंगात आला, खोटं खोटं थांबायला लागला. शेवटी मंगलबाई एकट्या उरल्या. मंगलबाई वाइंडिंग खात्यातल्या, शिंदखेड्याकडच्या, वीस वर्षं धागा गुंडाळणाऱ्या. बक्षीस म्हणून त्यांना आम्ही पियानोची सगळ्यात खालची पट्टी वाजवायला दिली. त्यांनी ती दाबली आणि आवाज विरेपर्यंत बोट उचललं नाही. "आमच्या मोठ्या मोटारीसारखी घुमते ना ही," म्हणाल्या.

त्यानंतर जिथे जाऊ तिथे लोक तो खेळ मागायला लागले. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच मागून आवाज यायचा, "दादा, उठाबशीवाला घ्या!" दादरा, खडोली, कंपन्यांच्या कॉलन्या, सगळीकडे ठरावीक माणसं यायला लागली. मी त्यांना 'आपली माणसं' म्हणायचो. म्हणताना मला फार बरं वाटायचं.

टीचर यातल्या एकाच कार्यक्रमाला आल्या. संपल्यावर मी विचारलं, कसं वाटलं. त्या म्हणाल्या, "लोक खूश आहेत. चांगलं आहे. पण पुता, तू त्यांना उठायला शिकवलंस. बसायला कधी शिकवणार?" मी हसलो. जुन्या पिढीचं बोलणं म्हणून सोडून दिलं. हे लिहिताना आता लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती.

मग टीचर निवृत्त झाल्या. गोव्याला भाचीकडे जायचं ठरलं, आणि जाण्याआधी शाळेच्या हॉलमध्ये त्यांनी वाजवायचं कबूल केलं. चाळीस वर्षं इथे शिकवलं, पण एकट्यानं असा पूर्ण कार्यक्रम त्यांनी कधी केला नव्हता. त्यांना वाटत होतं, वीसेक जुने विद्यार्थी येतील. मी ठरवलं, हॉल भरायचा. खडोलीतून टेम्पो केला, दादऱ्यातून माणसं बोलावली. मागे उभं राहायलाही जागा उरली नाही. पडद्याच्या फटीतून बघून टीचर म्हणाल्या, "एवढी सगळी?" मी म्हटलं, "आपली माणसं आहेत." छाती फुगवूनच म्हटलं असणार.

पानं उलटायला मीच बसलो होतो. त्यांनी शेवटी एक संथ रचना ठेवली होती. लहानच आहे, सात-आठ मिनिटांची. मधे एके ठिकाणी सुरावट अर्ध्यावर येते आणि थांबते. पुढचा सूर काय येणार ते कानाला कळत असतं, पण तो येत नाही. बराच वेळ काही नाही. मग तो येतो, इतका हळू की मनातच आला असं वाटतं. त्या जागेबद्दल टीचरांनी मला एकदा सांगितलं होतं की ती नीट वाजवायला त्यांना तीस वर्षं लागली. म्हणजे न वाजवायला.

ती जागा आली. टीचरांचे हात पट्ट्यांवरून चार बोटं वर थांबले. माझं बोट पानाच्या कोपऱ्यावर होतं. आणि मागे खुर्च्या वाजल्या.

आधी एक जण, मग रांग, मग सगळा हॉल उभा राहिला. मजेत, हसत, एकमेकांना ढोसत. "ए, तू आउट! लेट उठला!" कोणीतरी शिट्टीही मारली. त्यात वाईट काहीच नव्हतं. मी शिकवलेलं त्यांनी मन लावून केलं होतं.

टीचर तशाच थांबल्या. मला अजून आशा होती की त्या पुढे वाजवतील. मग त्यांनी हात मांडीवर घेतले, पियानोचं झाकण मिटलं, लोकांना वाकून नमस्कार केला आणि आत गेल्या. लोकांना वाटलं, संपलं. टाळ्या खूप पडल्या.

आत गेल्यावर मी काही बोलायच्या आधी त्या म्हणाल्या, "त्यांची चूक नाही." एवढंच. चार दिवसांनी त्या गोव्याला गेल्या. मी स्टेशनवर गेलो होतो. बॅगा चढवल्या. खूप माणसं होती, बोलणं झालं नाही.

त्यानंतर आम्ही तो खेळ बंद केला. केदार म्हणाला, "रवीदादा, सगळेच खेळ बंद करू. नीट मैफल करू, जशी असते तशी." केली. दादऱ्याला एका कॉलनीत, फळी न काढता, काही न बोलता. लोक शाळेत बसल्यासारखे बसले. एका काकांनी अर्ध्यातच मोबाइल काढला आणि मला त्यांचा राग आला नाही. घरी जाताना केदारच म्हणाला, "हे काही खरं नाही."

वाट दाखवली मंगलबाईंनी. यार्न कंपनीत मी पुन्हा कार्यक्रम ठरवायला गेलो होतो. त्या कँटीनमध्ये चहा पीत होत्या. त्यांनी हाक मारली.

"सर, एक इचारू का? तुम्ही उठाबशी बंद का केली?"

मी त्यांना सगळं सांगितलं. टीचरांचं, त्या जागेचं. बाईंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आम्हाले काय ठाऊक? तुम्ही बोलले असते तर आम्ही हाललो नसतो. सर, धागा तुटून मशीन थांबली तर आम्ही उठतो. पण आम्हीच थांबवली तर? तेव्हा धागा हातात धरून बसावं लागतं. ढिला सोडला तर गुंता, ओढला तर तुटला. तेव्हा कोण उठतं? श्वास नाही घेत कोणी."

थांबणं दोन तऱ्हेचं असतं, हे माझे वडील कंपनीत रोज बघत होते. मला ते कळलं मंगलबाईंनी सांगितल्यावर.

आता आम्ही असं करतो. प्रत्येक रांगेत या टोकापासून त्या टोकापर्यंत एक धागा देतो. कंपनीचाच, वाया गेलेल्या बॉबिनचा. प्रत्येकानं तो दोन बोटांत धरायचा. पियानो वाजत असताना कसाही धरा, पण पियानो थांबला की ताण राखायचा. ज्या रांगेचा धागा लोंबला किंवा तुटला ती रांग हरली. पहिल्यांदा हे केलं ते त्याच कँटीनमध्ये. केदार थांबला, आणि स्वरलिपीत लिहिलेल्यापेक्षा दुप्पट थांबला. पंखे ऐकू येत होते. पवार पहिल्या रांगेत दात आवळून धागा धरून बसले होते. केदारनं पुढचा सूर लावला, आणि सगळ्या कँटीननं एकदम श्वास सोडला. इतकी वर्षं हे काम करतोय. ऐकणाऱ्यांचा असा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

कार्यक्रम संपल्यावर मंगलबाई उभ्या राहिल्या. "सर, त्या टीचरांचं अर्धं राह्यलेलं. त्याच्या पुढे काय होतं?"

"हो हो, तेच," मागून दोघंतिघं म्हणाले. बाईंनी त्यांनाही सांगितलेलं दिसत होतं. "आम्ही उठलो तेव्हाचं."

केदारला ती रचना येते. तो खुर्ची ओढून बसलासुद्धा. मी पुढे होऊन झाकणावर हात ठेवला.

"नाही, केदार."

"अरे, त्यांना ऐकायचंय! याच्यासाठीच तर करतो ना आपण?"

"ते टीचरांचं आहे. आपण थांबवलंय. चालू त्याच करतील."

केदार चिडला. उठून त्यानं पियानोची फळी आपटून बसवली. लोकांचा निकाल पवारांनी सांगितला, "बरोबर आहे. ज्याची मशीन त्यानंच चालू करावी. सर, तुम्ही मॅडमना बोलवा."

टीचर फोनवर बोलत नाहीत. फोनवर माणसं घाईत कबूल होतात, असं त्यांचं मत आहे. म्हणून पत्र लिहिलं. गणपतीनंतर टाकलं. उत्तर आलेलं नाही, पण येईल असं मला वाटतं. त्यांनी माझा एकही पेपर न तपासता ठेवला नव्हता. पत्र असं आहे.

आदरणीय टीचर,

सादर नमस्कार.

तुम्ही गेल्यावर मी तीन पत्रं लिहिली आणि एकही टाकलं नाही. तिन्हींमध्ये मी माझ्याबद्दलच लिहीत होतो. हे लहान आहे.

त्या दिवशी तुम्ही म्हणालात, त्यांची चूक नाही. कोणाची होती ते तुम्ही बोलला नाहीत, म्हणून मी लिहितो. माझी होती. तुम्ही कुठे थांबणार हे त्या हॉलमध्ये तुमच्याशिवाय फक्त मला माहीत होतं. सुरुवातीला एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. बोललो नाही, कारण ती माणसं माझ्या सांगण्यावरून आलीत हे तुम्हाला दिसावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मला माफ करा.

खडोलीची माणसं विचारतात की पुढे काय होतं. केदार वाजवून दाखवायला तयार होता. मी नको म्हटलं आणि लोकांनाही ते पटलं. कोणी उगाच म्हणत नाही, टीचर. मंगलबाई म्हणून एक आहेत, त्या दर वेळी विचारतात.

पियानो बरा आहे. पावसात मधले दोन सूर उतरले होते, ते चढवून घेतले. शाळा हॉल देते आहे. तारीख तुम्ही सांगाल ती. बाकी काही वाजवायचं नाही, तेवढी एकच रचना, पहिल्यापासून. मी बोलणार नाही, माइकही लावणार नाही. पानं उलटायला केदार बसेल. तुम्हाला मी चालणार असेन तर मी बसेन.

प्रवास झेपणार नसेल, किंवा मनच नसेल, तर तसं कळवा. मी पुन्हा विचारणार नाही. पण तुम्ही नाही म्हणालात तरी आम्ही ते दुसऱ्या कोणाकडून ऐकणार नाही, हे इथे ठरलं आहे. माणसं अजून थांबलेली आहेत, टीचर. बसून.

तुमचा,
रवींद्र